अळणी पेट्यांचं प्रकरण

एक

"मामा, मीठ चोरीला गेलंय."

भाची हे इतक्या गंभीरपणे म्हणाली की मामांनी फोन कानापासून दूर धरला आणि एकदा त्याच्याकडेच निरखून पाहिलं. विमा कंपनीत त्यांनी हयातभर दावे तपासले होते. जळालेली गोदामं पाहिली होती, बुडालेल्या होड्या पाहिल्या होत्या. एकदा तर मेली म्हणून दाखवलेली म्हैस शेजारच्या गोठ्यात रवंथ करताना पकडली होती. पण मिठाची चोरी त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती.

"चिमणे, मीठ चोरीला जात नाही. मीठ उसनं मागतात आणि परत देत नाहीत."

"थट्टा नको ना, मामा! संध्याकाळपर्यंत चोर सापडला नाही तर वहिनीला काढावं लागेल. ह्यांनी पत्र तयार ठेवलंय, फक्त माझी सही व्हायचीय."

मामांची थट्टा घशातच राहिली. वहिनी म्हणजे त्यांच्या भाच्याची बायको. भाचा देवाघरी गेला, त्यानंतर नणंद-भावजयीने मिळून हा धंदा उभा केला होता. पहिली पेटी या सुनेने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर भरली होती, आणि तिलाच आता काढायचं!

"सहीला हात लावू नकोस. येतो मी," मामा म्हणाले आणि चपला शोधू लागले. एक सापडेना. तिथूनच त्यांच्या वैतागाला सुरुवात झाली.

दोन

धंदा होता शिधापेटीचा. चिरलेल्या भाज्या, तोललेलं धान्य, मसाल्याच्या पुड्या, मिठाची पुडी आणि कृतीचं कार्ड असं सगळं एका पेटीत घालून घरपोच द्यायचं. गिऱ्हाइकाने फक्त चूल पेटवायची. मामांना ही कल्पनाच पटत नसे. "उद्या चावून पण द्याल," असं ते एकदा म्हणाले होते, तेव्हा भाची आठवडाभर बोलली नव्हती.

खाली पेट्या भरायचा हॉल, वर कचेरी. कचेरीत भाचीचे यजमान, म्हणजे मामांचे जावई, भिंतीवरच्या आलेखापुढे उभे होते. शिकलेले, नीटनेटके. लहानपणापासून वसतिगृहात राहिलेले, त्यामुळे मराठी शुद्ध पण छापील. "भूक लागली" म्हणायच्या जागी "मला क्षुधा जाणवते आहे" म्हणतील की काय, अशी मामांना कायम धास्ती.

"बसा मामा. प्रथम बाजाराची स्थिती समजून घ्या."

"मला मिठाची स्थिती हवीय."

"दोन्ही परस्परसंबद्ध आहेत." जावयांनी पट्टी आलेखावर ठेवली. "लोक पहिली पेटी सवलतीत घेतात आणि वर्गणी बंद करतात. परत आणायला पुन्हा सवलत द्यावी लागते. दुसरीकडे मोठी दुकानं अशाच पेट्या फळीवर ठेवू लागली आहेत. लोक जाता जाता उचलतात, वर्गणीची कटकट नाही. शिवाय प्रवृत्ती बदलते आहे. एकट्याची पेटी, झटपट पेटी, कमी तेलाची, कमी मिठाची..."

"थोडक्यात, घरोघर फिरून भागत नाही, म्हणून दुकानात बसायचंय."

"होय. दुकानांच्या एका साखळीने आमच्या पेट्या ठेवायची तयारी दाखवली. त्यांनी निवडलेल्या कुटुंबांकडे काल सकाळी नमुन्याच्या पेट्या गेल्या. अट एकच, पेटीत आहे तेवढंच वापरायचं, घरचा कणही घालायचा नाही. आणि आज सकाळी..." त्यांचा आवाज खाली गेला.

भाचीने वाक्य पुरं केलं. "सगळीकडून एकच. अळणी! एकीने तर लिहिलंय, 'रुग्णालयाची आठवण आली.' खाली जाऊन बघते तर मिठाची फळी मोकळी, पुठ्ठ्याचा खोका पडलेला. साखळीच्या बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत काय झालं ते सांगा. कुणी घातपात केला असेल तर त्या माणसाला काढा, मग पुढचं बोलू. नाहीतर राम राम."

"आणि सूनबाईवर संशय का?"

जावयांनी बोटांवर कारणं मोजायला घेतली. परवा संध्याकाळी हॉलमधून शेवटी त्या निघाल्या, किल्ली त्यांच्याकडे होती. हा सौदा त्यांना नको होता, कारण दुकानवाल्यांना पेट्या मोठ्या कारखान्यात भरून हव्या होत्या, म्हणजे हा हॉल बंद. भर बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, 'माझा हॉल मोडणार असाल तर देव बघून घेईल.' समोरच्या शिधापेटीवाल्यांनी त्यांना नोकरी देऊ केली होती, तेही खरं.

"आणि त्या खोटं बोलल्या," जावई म्हणाले. "मी विचारलं, निघताना फळीवर मीठ होतं का? त्या म्हणाल्या, भरपूर होतं. मग सकाळपर्यंत गेलं कुठे? शिवाय म्हणाल्या, निघताना दिव्यांचा प्रकाश वाढवला. समोरच्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणतो, बाई बाहेर पडल्या तेव्हा हॉलमध्ये मिट्ट काळोख. काळोखात माणूस काय करतो, मामा?"

मामांनी कपाळाला हात लावला. प्रश्न बरा होता. उत्तर शोधायला ते खाली उतरले.

तीन

गाडीवाला मागच्या दारात गाडी पुशीत होता. तो बोलायला एका पायावर तयार.

"मी पेट्या उघडत नाही हो साहेब. उघडून काय करू, कच्ची गाजरं खाऊ? आणि मीठ चोरून काय करू, जखमेवर चोळू? आधीच पाय सोलून निघालेत जिने चढून. काल ज्यांना नेऊन दिलं ते आज म्हणतात, 'बंद केलं आम्ही.' सवलत आहे तोवर पाहुणे, मग ओळख नाही. तुमचे जावईसाहेब त्याला प्रवृत्ती म्हणतात. आमच्याकडे त्याला फुकटेपणा म्हणतात."

"पेट्या हातात आल्या तेव्हा बंद होत्या?"

"चिकटपट्टी लावलेल्या. एकही सुटलेली नव्हती."

म्हणजे मीठ हॉलमध्येच राहिलं. मामा आत गेले.

लांब टेबलं, थंडगार हवा, कांद्याचा वास. प्रत्येक टेबलावर एक पडदा. त्यावर जिन्नसाचं नाव उमटे, बाई तो जिन्नस पेटीत टाकून बटण दाबे, की पुढचं नाव. पहाटेच्या पाळीची मुकादमीण टोपीत केस कोंबून उभी होती.

"काल पहाटे नमुन्याच्या पेट्या तुम्ही भरल्यात. मिठाची फळी मोकळी होती, एकीनेही हाक मारली नाही?"

"आम्ही फळीकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो."

"पडद्यावर मीठ आल्यावर?"

"आलंच नाही."

मामा थबकले. "काय?"

"गाजर आलं, वाटाणा आला, मिरपूड आली. मीठ नाही आलं. आम्हाला वाटलं, नवीन काहीतरी असेल. इथं रोज नवीन असतं. मागच्या महिन्यात तेल काढलं, मग परत घातलं. विचारलं की वरून म्हणतात, 'बाजार बदलतोय.' बदलू दे बाई, म्हटलं."

मामांनी मिठाच्या फळीखाली पडलेला खोका उचलला. रिकामा म्हणून त्यांनी तो उलटा केला, तर आतून टपकन एक पुडी पडली. एकच. खोक्याची झाकणं व्यवस्थित दुमडलेली, म्हणजे पुडी कुणीतरी मुद्दाम मागे ठेवलेली होती.

मामा त्या पुडीकडे बघत राहिले. एवढ्या चोऱ्या पाहिल्या, पण चोर कधी मागे एक नग नीट ठेवून जात नाही.

आणि पडद्यावरून मीठ पुसलं कुणी?

"पडद्यावरची नावं कोण बदलू शकतं?" त्यांनी विचारलं.

मुकादमिणीने बोट वर केलं. मामांना क्षणभर वाटलं ती देवाकडे दाखवतेय. ती वरच्या मजल्याकडे दाखवत होती. "ती दोघं. नवरा नि बायको. बाकी कुणाला त्याची किल्ली ठाऊक नाही."

चार

वहिनी भाज्या धुवायच्या खोलीत पालकाच्या जुड्या सोडत बसली होती. मामांना बघून उठली आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. मग पालक जरा जास्तच जोरात झटकला.

"सूनबाई, रागावलीस?"

"मी कोण रागावणारी? ज्यांची पेढी त्यांनी रागवावं."

"त्या समोरच्यांनी बोलावलं होतं म्हणे तुला."

"बोलावलं. जास्त पगारावर. मी म्हटलं, जिथलं मीठ खाल्लं तिथेच हात धुणार. आता मीठच माझ्या अंगावर आलं!" तिचे डोळे भरले, पण तिने सगळं पालकावर काढलं. "मामा, हा हॉल ह्यांच्या माघारी मी सांभाळला. सौदा मला नको होता, तोंडावर सांगितलं. पाठीमागून खेळ करायला मी काय चोर आहे?"

मनगटावरची एकुलती बांगडी मागे सारून तिने पाण्यात हात घातला.

"दुसरी कुठे गेली?" मामांनी विषय बदलायला विचारलं.

"परवा टेबलावर आपटून वाढली. चांगला जोड होता." तिने सुस्कारा टाकला. "त्या दिवशी सगळंच तसं."

"मिठाचं नेमकं काय झालं, मला सांगतेस का?"

"नाही सांगत," वहिनी ठामपणे म्हणाली. "भावोजींना एकदा फोनवर सांगितलं, एकदा तोंडावर सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला मी पोपट नाही. त्यांना विचारा. मला चिरायला बसायचंय."

"अगं, पण..."

"येते मी," असं म्हणून ती निघून गेली.

मामा पालकाच्या पाण्याशी एकटेच उरले. वैताग आता डोक्यात ठणकू लागला होता. सगळे सांगायला तयार, पण जे हवं ते सोडून. जिला माहीत होतं ती सांगत नव्हती, आणि ज्याला माहीत नव्हतं तो आलेख काढून दाखवत होता. देवा, मनातल्या मनात ते म्हणाले, चोर नको दाखवूस, निदान एक सरळ वाक्य ऐकव.

पण जाता जाता एक धागा हाती लागला होता. *फोनवर.* जावयांनी फोनचा उल्लेखच केला नव्हता.

पाच

"पडद्यावरून मीठ तुम्ही काढलंत, जावईबापू."

भाचीने आधी मामांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हो की नाही एवढंच सांगा. पेट्या बंद होत्या, म्हणजे वाटेत कुणी काढलं नाही. पडदा दोघांच्याच हातात. चिमणीने काढलं असतं तर तिने मला फोन केला नसता."

जावयांच्या कपाळावर घाम आला. "होय," ते शेवटी म्हणाले. "मी काढलं."

"अहो!" भाची उभीच राहिली. "आणि वहिनीच्या नावाचं पत्र तयार केलंत? काय माणूस आहात तुम्ही!"

"ऐकून तर घे! मी काढलं, पण सांगितलं त्यांनीच! परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. मीठ अधिक झालं आहे, सकाळच्या आत पाहा, असं म्हणाल्या. मला वाटलं, नमुन्याची चव घेतली असेल, खारट झाली असेल. कमी मिठाची मागणी आहेच. मी पुडी वगळली. आणि आज सकाळी कळलं की सगळं अळणी! तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो सापळा होता. त्यांनी मला मुद्दाम चुकीचं सांगितलं, आणि पुरावा उरू नये म्हणून फळीही रिकामी केली. आता मी कबूल केलं असतं तर दोष माझ्यावरच आला असता."

भाची खुर्चीत बसली. तिचा चेहरा पडला. "म्हणजे... वहिनीनेच?"

तिची नजर सहीच्या जागेकडे गेली. टेबलावर ते पत्र होतंच, आणि पेनही.

"थांबा," मामा म्हणाले. "जावईबापू, सूनबाई 'अधिक' म्हणाली?"

"तशा अर्थाचं."

"मला अर्थ नकोय!" मामांनी टेबलावर थाप मारली, पेन उडून खाली पडलं. "सकाळपासून मी अर्थच ऐकतोय! तुमच्या शुद्ध मराठीत तिचं बोलणं धुऊन, इस्त्री करून माझ्यापुढे ठेवताय. मला तिचे शब्द हवेत. ती ज्या तोंडाने बोलली त्याच तोंडाने. बोला!"

जावई बावचळले. डोळे मिटून त्यांनी आठवलं. "त्या म्हणाल्या... 'भावोजी, मीठ वाढलंय हो. सकाळच्या आत तेवढं बघा.'"

भाचीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं आणि तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"आणि फळीवर मीठ होतं का विचारलंत तेव्हा?"

"'वाढलं होतं, सांगितलं नव्हतं का तुम्हाला?' म्हणजेच भरपूर..."

"आणि दिव्यांचं?"

"'दिवे वाढवले आणि निघाले.'"

मामा हसू लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता डोळे पुसले. जावई त्यांच्याकडे वेड्यासारखे पाहत राहिले.

सहा

"बसा, बापू," मामा म्हणाले, आता मऊपणाने. "वसतिगृहात तुम्हाला व्याकरण शिकवलं, पण घरातली जीभ कुणी दिली नाही. दोष तुमचा नाही. घरात काही गोष्टींना 'संपल्या' म्हणत नाहीत. मीठ, तांदूळ, कुंकू. संपलं म्हणायला जीभ कचरते, म्हणून म्हणायचं, 'वाढलं'. दिवा विझवला म्हणायचं नाही, 'वाढवला'. बांगडी फुटली म्हणायचं नाही, 'वाढली'. आणि घरातून जाताना 'जाते' नाही, 'येते'. आज माझ्याशी बोलून 'येते' म्हणाली आणि चक्क निघून गेली!"

"म्हणजे मीठ वाढलं याचा अर्थ..."

"मीठ संपलं. मागवा. सकाळच्या आत. एवढंच ती बिचारी सांगत होती."

"पण याला पुरावा काय?" जावई क्षीण आवाजात म्हणाले. सवयच ती. "हा केवळ तुमचा अर्थ झाला."

"पुरावा तुम्हीच गोळा केलात. ती म्हणाली दिवे वाढवले, आणि रखवालदार म्हणतो काळोख होता. एकाच वेळी दोन्ही खरं कसं? 'वाढवले' म्हणजे विझवले, तरच. तुम्ही जिला खोटं ठरवलंत तीच खरी बोलत होती. दिवे वाढले म्हणजे विझले, तर मीठ वाढलं म्हणजे काय ते मोजायला आलेख लागत नाही." मामांनी खिशातून ती एकुलती पुडी काढून पत्रावर ठेवली. "आणि हे खोक्यात होतं. मिठाचं भांडं ती अगदी रितं ठेवत नाही, एक चिमूट तरी मागे राखते. चोर मागे राखत नाही."

जावई पुडीकडे बघत राहिले. "त्यांनी सांगितलं, मीठ आणा. आणि मी होतं नव्हतं तेही काढून टाकलं."

"बाजाराची प्रवृत्ती म्हणून," भाची म्हणाली. तिचा आवाज मिरचीसारखा झोंबला. "आलेख दिसतो तुम्हाला, पण समोरचं माणूस बोलतं ते ऐकू येत नाही."

तिने पत्र उचललं, चार तुकडे केले. मग थांबून आणखी चार केले.

देवाने माणसाला जीभ एकच दिली आणि कामं दोन लावली, चव घेणं आणि बोलणं. त्या पेढीत परवा दोन्ही एकदमच बिघडली होती.

साखळीच्या बाईंना फोन मामांनीच लावला. घातपात नाही, चोर नाही, एका शब्दाचा घोळ आहे असं सांगून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "आमच्या घरी तांदूळ वाढतात. माझा नवरा अजून विचारतो, मग आणायला का सांगतेस?" आणि पुढे कोरडेपणाने, "सोमवारी नव्या पेट्या पाठवा. मीठ घालून."

"आणि पेट्या भरणार कोण?" मामांनी हळूच विचारलं.

"कोण म्हणजे? सगळे जिन्नस मोजून भरणारी एकच बाई दिसते तुमच्याकडे. कारखान्याचं नंतर बघू. त्यांना बैठकीला आणा."

सात

दुपारी हॉलच्या मागे सगळे जेवायला बसले. चुकलेल्या नमुन्यांतल्या उरलेल्या पेट्या वहिनीने शिजवून काढल्या होत्या. वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. भाचीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवून आधीच रडून घेतलं होतं, आणि वहिनीने "चल गं, कांदा चिरताना रडायचं, आता नको" म्हणून तिला उठवलं होतं.

जावई दारात उभे होते. हातात मिठाची भलीमोठी गोणी, स्वतः बाजारातून उचलून आणलेली. शर्टावर पांढरे डाग.

"वहिनी," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी बहुधा वाटेत घोकलं होतं, पण आता ते आठवेना. "चूक झाली. पत्र मी लिहिलं. मी... मला तुमचं बोलणं कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली."

वहिनीने त्यांच्याकडे बघितलं नाही. डावाने पातेलं ढवळत राहिली.

"परवा बांगडी वाढली ना तुमची," जावई जपून, प्रत्येक शब्द पारखून म्हणाले. "नवा जोड मी आणतो."

डाव थांबला. वहिनीच्या ओठांचा कोपरा हलला. मामांनी मान खाली घातली, कारण त्यांना हसू आवरेना.

"गोणी ठेवा तिथे. हात धुऊन बसा," वहिनी म्हणाली. तिने पान मांडलं, भाजीत नवं मीठ घातलं, ढवळलं, चव घेतली, आणि डाव जावयांच्या पानावर धरला.

"भावोजी, वाढू?"

जावई दचकले. त्यांनी मामांकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, पातेल्यात वाकून पाहिलं. आणि मग अगदी हळू, घाबरत विचारलं, "म्हणजे... आहे ना अजून?"